सोलापूरहून व्हिएतनाम-थायलंड: डॉलर, डोंग, बाट आणि कार्डाचा हिशेब

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त सरांचा आहे. ते आणि काकू, दोघंही साठीच्या पुढचे, दहा दिवसांच्या ग्रुप टूरवर निघालेत. आधी हनोई, हालोंग, दा नांग, मग बँकॉक आणि पट्टाया. हॉटेल, नाश्ता आणि रात्रीचं जेवण टूर कंपनीकडे आहे. त्यांनी विचारलंय: रोख किती न्यावी, फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) घ्यावं का, पैसे सोलापुरात बदलावेत की मुंबईच्या विमानतळावर, आणि फोनवरचं यूपीआय तिकडे चालेल का?

सर, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो लवकर संपतो. आपलं यूपीआय सिंगापूर, दुबई, श्रीलंका, मॉरिशस, नेपाळ, भूतान, फ्रान्स अशा ठिकाणच्या ठरावीक दुकानांत चालतं, आणि तेही ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केल्यावर. तुमच्या दोन्ही देशांत त्याच्या भरवशावर जाऊ नका. हनोईत फळवाल्या बाईच्या पाटीवरसुद्धा क्यूआर चिकटवलेला दिसेल, पण तो त्यांच्या बँकांचा. आपण फोन पुढे केला की ती फक्त हसते.

आता मुद्द्याचं. मी सोलापुरात परकीय चलनाच्या काउंटरवर बरीच वर्षं बसतो. आपल्याकडचं गिऱ्हाईक भावावर अडून बसतं. "साहेब, वीस पैसे तरी कमी करा की ओ!" हे रोजचं आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण हिशेब करून बघा. सोपं पडावं म्हणून डॉलर ९० रुपये धरू. ७०० डॉलरवर वीस पैसे म्हणजे १४० रुपये. तोच माणूस घासाघीस करून "बघतो, सांगतो" म्हणत निघून जातो, रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडतो, पहाटे मुंबईत उतरतो, रविवार निघतो, आणि शेवटी चेक-इन झाल्यावर विमानतळावरच्या काउंटरवर डॉलरमागे चार-पाच रुपये जास्त मोजून मोकळा होतो. ७०० डॉलरवर ते तीन-साडेतीन हजार झाले. परत आल्यावर अशा पावत्या घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि विचारतात, हे बरोबर आहे का? बरोबरच आहे. तिथल्या गाळ्याचं भाडं जबर असतं आणि समोर उभ्या माणसाला दुसरीकडे जायची सोय नसते. त्यामुळे सोलापूरकराने पैशाचं काम गाडीत बसायच्या आधी उरकावं. घाई सुरू झाली की प्रत्येक निर्णय महाग पडतो, आणि पुढे मी जे सांगणार आहे ते बहुतेक त्याच घाईबद्दल आहे.

प्रवासाच्या तारखेआधी साठ दिवसांपर्यंत चलन घेता येतं. तुम्ही आठ-दहा दिवस आधी बघा. आपलं गाव मुंबई-पुण्यासारखं नाही. इथे डॉलर, दिरहम, रियाल, युरो यांची ये-जा असते, कारण दुबईला आणि उमऱ्याला जाणारे बारा महिने असतात. थाई बाट कधी असतात, कधी मागवावे लागतात. म्हणून आधी फोन करून विचारा. पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि व्हिसा असेल तर त्याची प्रत लागते, एक फॉर्म भरून सही करावी लागते. नोटा दोघांच्या नावावर वेगवेगळ्या घ्या, म्हणजे दोघांजवळ आपापली पावती राहते. रोख रुपये देऊन एका माणसाला एका प्रवासासाठी ५०,००० रुपयांपर्यंतच चलन घेता येतं. त्यापुढची रक्कम चेकने किंवा ट्रान्सफरने, आणि प्रवाशाच्या स्वतःच्या खात्यातून. आज थोडे, उद्या थोडे असं केलंत तरी बेरीज एकच धरतात. एका फेरीत माणशी ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात. तुम्ही त्याच्या जवळपासही जाणार नाही.

भाव विचारताना नुसता दर विचारू नका. "३५० डॉलरला सगळं धरून किती रुपये द्यायचे?" असं विचारा. दर कमी सांगून वर सर्व्हिस चार्ज लावणारेही असतात. जीएसटी मात्र सगळीकडे लागणारच, आणि तो किरकोळ असतो: ५०,००० रुपयांच्या चलनावर ९० रुपये. गुगलवर दिसतो तो बँकाबँकांतला दर आहे, त्या भावात नोट कोणीच देत नाही. डॉलर त्याहून रुपया-सव्वा रुपया वर मिळत असेल तर घ्या आणि विषय संपवा.

शेजारच्या कोणाकडे अमेरिकेहून उरलेले डॉलर असतात आणि ते "घरच्या घरी" द्यायला तयार असतात. हे आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की सांगताना लोक आवाजही खाली आणत नाहीत. परकीय चलन अधिकृत बँक किंवा परवानाधारक चलन विक्रेत्याकडूनच घ्यायचं, असा फेमा कायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी नोट खोटी निघाली तर कोणाकडे जाणार? पावती नाही, म्हणजे विमानतळावर कोणी विचारलं तर दाखवायला काही नाही.

नोटा कोणत्या? १०० आणि ५० डॉलरच्या, नव्या आणि कोऱ्या. आपल्याकडे नोटेवर पेनने आकडा लिहायची, बंडलाला टाचणी मारायची सवय आहे. तिकडे अशी नोट उलटून पालटून बघतात आणि परत करतात. कोपरा फाटलेली, शिक्का मारलेली, जुन्या छपाईची छोट्या चेहऱ्याची नोट काउंटरवरच नाकारा, बदलून मागा. त्यात लाजायचं काही नाही. १, ५, १० डॉलरच्या नोटांचा ढीग नेऊ नका, बँकॉकमध्ये छोट्या नोटांना भाव कमी मिळतो. टिप द्यायचीच तर स्थानिक पैशात द्या.

तुमच्यासाठी माझा आकडा: दोघांत मिळून ७०० डॉलर आणि दोन-तीन हजार बाट. बाट इथे मिळाले नाहीत तर अडून राहू नका. ७०० पैकी २०० डॉलर हात न लावता ठेवायचे. उरलेल्यात दुपारची जेवणं, कॉफी, टिपा, छोटी खरेदी आणि टूरमध्ये नसलेली एखादी बोटीची फेरी बसते. मोठी खरेदी कार्डावर करा. काकू पट्टायात मोती आणि रत्नं बघणार असतील तर त्याचा हिशेब मी करू शकत नाही.

व्हिएतनामचा डोंग इथून न्यायच्या भानगडीत पडू नका. तो तिथे उतरल्यावर घ्यायचा. हनोईच्या विमानतळावर बँकांचे काउंटर आहेत, आणि मुंबईसारखी तिथे लूट नाही. उतरल्यावर १०० डॉलर बदला, उरलेले लागतील तसे शहरातल्या बँकेत. सराफाच्या दुकानात भाव बरा मिळतो असं गाईड सांगेल. बऱ्याच दुकानांना चलन बदलायचा परवाना नसतो आणि पकडलं तर दंड गिऱ्हाइकालाही होतो. दोनशे-तीनशे रुपयांसाठी परदेशात पोलीस कशाला बघायचे?

१०० डॉलरचे साधारण २६ लाख डोंग येतात. आयुष्यभर मास्तरकी करून एका मिनिटात लखपती व्हाल, पण तिथेच मोजून घ्या. पाच लाखांच्या पाच नोटा झाल्या पंचवीस लाख, एक लाखाची हिरवी नोट झाली सव्वीस, वर उरलं ते सुटं. मोजून झाल्यावर काउंटरवाल्याने "एक मिनिट" म्हणून गठ्ठा पुन्हा हातात घेतला तर तुम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजा. पाच लाखांची एक नोट तिथेच मोडून घ्या, टॅक्सीवाल्याकडे सुटे नसतात, किंवा नसतात असं तो म्हणतो.

आता व्हिएतनाममधली सगळ्यात महाग चूक. तिथली २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० चीही निळी. दोन्हींवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा. एकीची किंमत सत्तर रुपयांच्या आसपास, दुसरीची सतराशेच्या वर. रात्री रिक्षातून उतरताना, चष्मा खिशात आणि मागे हॉर्न वाजतोय अशा वेळी कोणती नोट हातात येईल याचा भरवसा नाही. म्हणून पाच लाखांच्या नोटा पाकिटात ठेवायच्याच नाहीत. त्या काकूंच्या पर्समधल्या आतल्या कप्प्यात, आणि पाकिटात एक लाखापर्यंतच्याच. हिशेबासाठी सोपी युक्ती अशी: शेवटची तीन शून्यं काढा आणि साडेतीनने गुणा. ५०,००० ची कॉफी म्हणजे पन्नास गुणिले साडेतीन, १७५ रुपये. बरेच फलक तर तीन शून्यं लिहीतच नाहीत, नुसता "५० के" असा भाव असतो. तुम्ही गणिताचे असाल तर दुसऱ्या दिवसापासून तोंडी जमेल.

उरलेले डोंग दा नांगहून निघायच्या आधी संपवा किंवा विमानतळावर डॉलर करून घ्या. सोलापुरात ते कोणी घेणार नाही, मीसुद्धा नाही.

थायलंडचं सोपं आहे. बाट पावणेतीन-तीन रुपयांच्या आसपास धरा. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर वरच्या मजल्यांवरच्या काउंटरपेक्षा अगदी खाली, मेट्रोसारख्या रेल्वेच्या स्टेशनजवळ असलेल्या काउंटरवर भाव चांगला मिळतो. पण ग्रुप बसकडे निघाला असताना तुम्ही खाली धावू नका. इथून नेलेले बाट त्या पहिल्या दिवसासाठीच आहेत. दुसऱ्या दिवशी शहरात बदला. पासपोर्ट मूळ लागतो, झेरॉक्स बघून काही जण परत पाठवतात.

थायलंडच्या एटीएमबद्दल एवढंच: परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क तिथली बँक कापते, रक्कम कितीही असो. दोन हजार बाट काढलेत तर अकरा टक्के तिथेच गेले, आणि आपल्या बँकेचं शुल्क त्यावर वेगळं. इथल्यासारखं "हजार-हजार काढू" हे तिकडे चालत नाही. अडलंच तर एकदाच मोठी रक्कम काढा, आणि डेबिट कार्डाने. क्रेडिट कार्डाने रोख काढली की वेगळं शुल्क लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं.

आता कार्डाची ती एक गोष्ट, जी ऐकून लोक मान हलवतात आणि तिकडे जाऊन विसरतात. पट्टायातल्या दुकानात तुम्ही २,००० बाटचा शर्ट घेतलात, कार्ड दिलंत. मशीनवर दोन आकडे येतात: एकीकडे २,००० टीएचबी, म्हणजे बाट, दुसरीकडे रुपयातला आकडा, आयएनआर. सेल्समन गोड हसून म्हणतो, "इंडियन रुपी, सर?" आपला पैसा, आपला आकडा, मनाला बरं वाटतं. तिथेच फसतो माणूस. रुपया निवडला की दर ठरवतो दुकानदाराच्या मशीनमागचा धंदा, आणि तो आपल्या बँकेपेक्षा बराच महाग असतो. वर आपल्या बऱ्याच बँका अशा रुपयातल्या परदेशी व्यवहारावरही शुल्क लावतात. म्हणजे दोन्हीकडून गेलं. नेहमी स्थानिक चलन निवडायचं: थायलंडमध्ये बाट, व्हिएतनाममध्ये डोंग. सेल्समनने न विचारताच रुपया दाबला तर स्लिपवर सही करू नका, व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, शब्द फक्त वेगळे असतात. "कन्व्हर्जन" स्वीकारायचं का, असं विचारलं की "विदाउट कन्व्हर्जन" दाबायचं. पैसे तरीही येतात. नाही म्हटलं तर व्यवहारच होणार नाही, अशी भीती तो पडदाच मुद्दाम घालतो.

साध्या क्रेडिट कार्डावर परदेशातल्या खर्चाला साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. दहा हजारांच्या खरेदीवर वाईटात वाईट चारशेच्या घरात. फार वाटत असेल तर मार्कअप नसलेली कार्डं मिळतात, पण एका ट्रिपसाठी नवं कार्ड काढू नका. आहे त्यातलं ज्याचा मार्कअप कमी ते न्या. बँकेला फोन करून विचारलंत तर सांगतात.

फॉरेक्स कार्डाबद्दल माझं मत थोडं धंद्याच्या विरोधात आहे, कारण मी ती विकतो. तुमच्या ट्रिपला ते लागत नाही. त्यावर डोंग भरता येत नाही. डॉलर भरून डोंगमध्ये खर्च केलात की एका चलनातून दुसऱ्यात जायचं शुल्क लागतं, आणि ज्यासाठी कार्ड घेतलं तो फायदाच संपला. फॉरेक्स कार्ड खरं उपयोगी पडतं ते एकाच चलनात मोठा खर्च असणाऱ्यांना. आपले टॉवेलवाले दर जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जातात, नेमके गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत. त्यांना मी युरो भरलेलं कार्ड देतो, रोख अगदी थोडी. दर भरला त्या दिवशी पक्का झाला, पुढे युरो चढला तरी चिंता नाही. पण त्यांनाही सांगतो की हॉटेलच्या डिपॉझिटला क्रेडिट कार्डच द्या. हॉटेल चेक-इनला काही रक्कम अडकवून ठेवतं, आणि ती प्रीपेड कार्डावर अडकली की सुटायला आठवडे लागू शकतात, तोवर तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. तुमच्याही हॉटेलात कार्ड मागितलं तर क्रेडिट कार्डच पुढे करा.

निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशी वापर सुरू करा. २०२० पासून नवीन कार्डांवर तो बंदच असतो. स्वाइप, एटीएम आणि ऑनलाइन यांची बटणं वेगळी असतात. पहिली दोन सुरू करा, ऑनलाइन बंदच राहू द्या. मर्यादाही स्वतः ठरवता येते, पन्नास हजार पुरे. हे काम घरी बसून करा, तिकडे हॉटेलच्या वायफायवर बँकेचं ॲप उघडायला बसू नका. सोलापुरातलं सिम घरी काढून ठेवू नका, त्याचं रोमिंग सुरू ठेवा. ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि बँकेची बरीच ॲप्स सिम बदललं की लॉगिनच देत नाहीत. परदेशी सिम घेणार असाल तर दुसऱ्या खाचेत घाला.

दोन कार्डं न्या, दोन वेगवेगळ्या बँकांची. एक सरांकडे, एक काकूंकडे. दोन्ही एकाच पाकिटात ठेवली तर ती एकच कार्ड समजा, चोराला फरक पडत नाही. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर, अधिक ९१ पासून, कागदावर लिहून काकूंच्या पर्समध्ये ठेवा, फोनमध्ये नको. फोनच गेला तर? कार्ड हरवलं की आधी ॲपवरून ब्लॉक, मग बँकेला फोन, मग शोधाशोध. हा क्रम उलटा करू नका. कळवायला जितका उशीर, तितकी जबाबदारी तुमच्यावर येते.

त्या २०० डॉलरसाठी काकूंना परकराला किंवा कुर्त्याला आतून चोरखिसा शिवून घ्यायला सांगा. आपल्याकडच्या जुन्या बायका वारीला जाताना हेच करायच्या, आणि बाजारात मिळणाऱ्या कंबरपट्ट्यांपेक्षा ते बरं, कारण तो पट्टा टी-शर्टखाली फुगलेला दिसतो आणि सगळ्यांना कळतो. हॉटेलच्या तिजोरीत पैसे ठेवायचे तर दोघांपैकी एकाने निघताना ती उघडून बघायची, हे आधीच ठरवा. पहाटेच्या विमानाच्या घाईत ती तशीच राहून गेलेली मी ऐकलीय.

रुपये सोबत ठेवा, पण थोडे. माणशी २५,००० पर्यंत नेता येतात, तुम्हाला तीन-चार हजार पुरेत. मुंबईत परत उतरल्यावर स्टेशनपर्यंतची टॅक्सी आणि गाडीतला चहा एवढंच त्यातून भागवायचं आहे.

टीसीएसबद्दल, म्हणजे पैसे घेतानाच वर आगाऊ घेतल्या जाणाऱ्या आयकराबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण सांगून ठेवतो. प्रवासासाठी चलन घेताना एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही, त्यामुळे माझ्याकडे तुमचा प्रश्न येत नाही. टूर कंपनी मात्र पॅकेजवर तो घेते. तो पैसा बुडत नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना परत मागता येतो. म्हणून बुकिंग करताना जो दर वर्षी रिटर्न भरतो त्याचाच पॅन द्या. काकू रिटर्न भरत नसतील आणि पॅकेज त्यांच्या नावावर केलंत, तर त्या पैशासाठी त्यांनाही रिटर्न भरावं लागेल.

परत आल्यावर उरलेले डॉलर १८० दिवसांत परत करायचे असतात, पण २,००० डॉलरपर्यंत नोटा घरी ठेवायला कायद्याची मुभा आहे. तुमचे दोनशे उरतील. पुढच्या वर्षी कुठे जायचा विचार असेल तर ठेवा, विकताना भाव पडतोच. नाणी मात्र कोणीही विकत घेत नाही, ती तिकडेच पाण्याच्या बाटल्यांत संपवा. आणि कोणी शेजारी "सर, मुलगी चाललीय, ते डॉलर मलाच द्या ना" म्हणत आला, तर त्याला काउंटरवर पाठवा. घेणाऱ्याला जो कायदा, तोच देणाऱ्यालाही.